शेंबूड सर

आमच्या गावातल्या कॉलेजला पन्नास वर्षं झाली म्हणून परवा एक जाडजूड स्मरणिका निघाली. गुळगुळीत कागद. पहिली सात पानं चेअरमनसाहेबांची, त्यांच्या वडलांची आणि सुनेची. फाटकाला रंग दिलेल्या ठेकेदाराचंही नाव आत आहे. रसायनशास्त्र विभागाच्या पानावर आजवरच्या सगळ्या प्राध्यापकांची नावं आहेत, पण आश्रुबा सरांचं नाही. छापताना राहिलं असेल असं वाटून मी ती यादी दोनदा वाचली. मग खालचा फोटो पाहिला. विभागाचा सामूहिक फोटो आहे. उजव्या टोकाला एक खांदा दिसतो, खांद्यावर कापडी पिशवीचा पट्टा दिसतो, आणि बरोबर तिथेच फोटो कापलेला आहे. तो खांदा मी ओळखते.

ज्या माणसाने बावीस वर्षं त्या इमारतीत शिकवलं, त्याला कात्रीने बाहेर काढलं. म्हणून हे लिहायला बसले. स्मरणिकेत कुणी छापणार नाही हे मला माहीत आहे.

बीड जिल्ह्यात राहिलेल्याला सांगायला नको, पण बाहेरच्यांसाठी सांगते. आमच्याकडे सहकारी साखर कारखाना, सहकारी दूध संघ आणि कॉलेज चालवणारी शिक्षणसंस्था या तीन गोष्टी कागदावर वेगळ्या असतात. खुर्च्या तीन, बसणारं घर एकच. आमच्या चेअरमनसाहेबांचंही तसंच होतं. मी त्यांच्या दूध संघाच्या शीतकरण केंद्रात प्रयोगशाळेत होते. गावोगावचं दूध आलं की त्याची फॅट मोजायची, पाणी घातलंय का बघायचं, हे माझं काम.

सर पहिल्यांदा तिथेच आले. सकाळचं संकलन संपलं होतं. दारात एक काळासावळा, उंच माणूस उभा. पायात टायरची चप्पल, अंगात पांढरा शर्ट, खांद्याला कापडी पिशवी, हातात पोरं शाळेत नेतात तसला प्लास्टिकचा थर्मास. थर्मासात बर्फ होता आणि बर्फात तपकिरी काचेची एक बोटभर बाटली.

"ताई, तुमच्या फ्रीजात ही एवढी ठेवता का?" ते म्हणाले. "कॉलेजात लाईट बारा-बारा तास जाते. आन जो एक फ्रीज हाय तो प्राचार्यांच्या केबिनीत. त्यात निस्त्या पाण्याच्या बाटल्या."

कसली बाटली आहे ते मी विचारलं. त्यांनी एक लांबलचक नाव सांगितलं, ॲसिटिलसिस्टीन. मग माझ्या चेहऱ्याकडे बघून म्हणाले, "शेंबूड पातळ करायचं औषध समजा. दुकानातबी मिळतंय खोकल्याच्या गोळीत. पण मला चोख पाहिजे होतं, पुण्याहून मागवलंय."

आमच्याकडे जनरेटर होता. दुधाच्या मोठ्या टाक्या वेगळ्या आणि माझ्या खोलीतला छोटा फ्रीज वेगळा. त्या फ्रीजात माझी रसायनं असायची. सरांची बाटली त्यांच्या शेजारी राहिली. पुढे दर आठवड्याला ते यायचे, बाटलीतले चार थेंब काढून न्यायचे.

पोरं त्यांना शेंबूड सर म्हणत. पाठीमागे नाही, तोंडावर. माझी भाची त्यांच्या वर्गात होती. पहिल्याच तासाला त्यांनी पोरांना आपापल्या रुमालात नाक शिंकरायला लावलं, आणि प्रत्येकाला बाकावर रुमाल उघडा ठेवून त्याकडे पाच मिनिटं बघायला सांगितलं. मुली तोंड फिरवून बसल्या, पोरं खिदळली. सर म्हणाले, "घाण म्हणून हसताय व्हय? ही घाण न्हाई. ही तुमच्या घशातली राखण हाय. धूळ आली की धरती, रोग आला की धरती, आन मग तुमी तिलाच थुकून टाकता."

मग त्यांनी समजावून सांगितलं की शेंबूड काय, बेडका काय, सगळं बहुतेक पाणीच. पण त्या पाण्याला धरून ठेवणारा एक लांब धागा असतो. त्याला म्यूसिन म्हणतात. धागा प्रथिनाचा, आणि त्याच्या अंगावर बाटली घासायच्या ब्रशासारखी केसाळ दाटी असते ती साखरेची. "म्हंजी कारखाना न लावता पत्येकाच्या नाकात साखर हाय," ते म्हणाले, "आन तिला कुणी चेअरमन न्हाई." वर्ग हसला. हे वाक्य चेअरमनसाहेबांच्या कानावर दुपारच्या आत गेलं. तेव्हा तेही हसले म्हणे.

सरांचे रुमाल कायम पांढरे. रंगीत कापडावर रंग कळत नाही म्हणून. कुणी समोर खोकलं की नमस्काराच्या आधी विचारायचे, ओला का कोरडा? लग्नाच्या पंगतीत विचारायचे. एकदा बसमध्ये कंडक्टरला विचारलं आणि त्याच्या छातीला कान लावून बसले. गाडी स्टँडवर उभीच. लोकांना वाटायचं याचं डोकं फिरलंय. मला विचाराल तर असं डोकं गावात अजून चारपाच असायला हवं होतं.

ते धर्मापुरीकडच्या एका वस्तीवरचे. आईवडील ऊस तोडायला जायचे आणि सरही त्यांच्याबरोबर, म्हणून त्यांची शाळा अर्धी गावात झाली आणि अर्धी झालीच नाही. तरी ते एम.एस्सी. झाले. पुढे पीएच.डी.साठी एका मोठ्या शहरात गेले, तर तिथल्या मार्गदर्शकांनी सांगितलं की असलं संशोधन मराठवाड्यातल्या कॉलेजात बसून होत नसतं, करायचं तर इथे येऊन राहा. सरांनी त्यांना विचारलं, "खोकणारी माणसं तिकडं हायत, मंग काम इकडं कावून करायचं?" त्यावर त्या विद्वानांनी दार दाखवलं. सर परत आले आणि पदवी न घेताच काम सुरू केलं. पगारातून बाटल्या मागवायचे. सूक्ष्मदर्शक कॉलेजचा, त्याचा एक स्क्रू गेलेला. त्याच्या जागी त्यांनी बाभळीची काटकी बसवली होती.

ते काम काय ते त्यांनी मला एकदा दाखवलं. माझ्या टेबलावर सेफ्टी पिनांच्या दोन माळा ठेवल्या, आणि आणखी पिना घेऊन त्या माळा एकमेकींना जागोजागी अडकवल्या. उचललं तर सगळा गुंताच वर आला. "घट्ट बेडका असा असतो. धाग्याला धागा अडकलेला. माणूस खोकून खोकून मरतंय, पण गुंता वर येत न्हाई." मग त्यांनी मधल्या पिना एकेक उघडल्या. माळा सुट्या झाल्या आणि टेबलावरून घरंगळल्या. "बाटलीतलं हे एवढंच करतंय. मधल्या पिना उघडतंय. धागा तोडत न्हाई, निस्ता सोडवतंय."

त्यांना औषध शोधायचं नव्हतं, ते तर होतंच. त्यांना एवढंच बघायचं होतं की आपल्याकडची माणसं, म्हणजे चुलीपुढे बसणाऱ्या बाया, खडीवर काम करणारे, ऊसतोडीला जाणारे, यांचा बेडका किती घट्ट असतो, आणि कुणाला किती थेंबांनी तो सुटतो. झाकणाच्या डब्या घेऊन ते वस्त्यांवर फिरायचे. डब्या कॉलेजातच तपासायचे आणि त्याच दिवशी फिनेल ओतून पुरायचे. हे मी मुद्दाम लिहितेय. डब्या कॉलेजात, आणि माझ्या फ्रीजात फक्त औषधाची बाटली. सहा वर्षांच्या वह्या झाल्या होत्या त्यांच्या, बारीक निळ्या अक्षरात.

मग दुष्काळ पडला. सलग दोन पावसाळे कोरडे गेले. ऊस नाही म्हणून कारखान्याची धुराडी दोन हंगाम थंड. जनावरं चारा छावणीत गेली, आणि आमच्या केंद्रावर चार टाक्यांचं दूध एका टाकीत मावायला लागलं. टँकर तिसऱ्या दिवशी यायचा.

कारखान्याच्या मागे बगॅसचा डोंगर होता. बगॅस म्हणजे उसाचा रस काढून उरलेला भुसा. कारखाना चालू असला की तो बॉयलरमध्ये जळतो. बंद पडल्यामुळे दोन वर्षं तसाच पडून होता, आतून काळानिळा बुरशीने भरलेला. तो एका कागद गिरणीला विकायचं ठरलं. ढीग फोडायचा, गाठी बांधायच्या, ट्रक भरायचे. तोडीला जायला त्या वर्षी कुठेच ऊस नव्हता, त्यामुळे शेदीडशे माणसं घरी बसून होती. ती कामावर तुटून पडली. बायाही गेल्या.

त्यांत सरूबाई होती. माझ्या केंद्रावर ती रोज म्हशीचं दूध घालायची. म्हैस छावणीतच आटली तेव्हा विकली आणि ती बगॅसवर जायला लागली. महिन्याभराने रस्त्यात भेटली तर मी ओळखलंच नाही. गालफडं बसलेली, चार शब्द बोलून थांबायची.

"बाई, ढिगावर गेलं की सांजच्याला हिव भरतंय," ती म्हणाली. "सकाळी जरा बरं वाटतं, की पुन्हा ढीग. डॉक्टर म्हंतोय टीबी हाय. गोळ्या चालू हायत, पण काय बी फरक न्हाई."

मी सरांना सांगितलं. ते त्याच दिवशी तिच्या वस्तीवर गेले. आठवड्याभरात त्यांनी बगॅसवरच्या बऱ्याच माणसांना गाठलं होतं. सगळ्यांचं एकच, संध्याकाळी थंडीताप, दम, आणि खोकला. आणि खोकला कोरडा. डबी पुढे केली तरी काही यायचं नाही. ज्यांच्याकडून थोडं आलं त्यावर सरांनी थेंब टाकून पाहिले. काही झालं नाही. सुटायला तिथे काही अडकलेलंच नव्हतं.

पुढच्या वेळी बाटली घ्यायला आले तेव्हा ते माझ्यासमोर स्टुलावर बसले. मग म्हणाले, "शोभाताई, मपली किल्ली ह्या कुलपाची न्हाई. हे घशातलं दुखणं न्हाईच. बुरशीची धूळ लई बारीक हाय, राखण चुकवून पार तळाला फुप्फुसात जाती. तिथं मपल्या थेंबाचा काय उपेग?"

सहा वर्षं एका किल्लीमागे घालवलेला माणूस हे सांगत होता. दुसरा कुणी असता तर आकडे इकडचे तिकडे केले असते, डब्या वाढवल्या असत्या, निदान गप्प बसला असता. सरांनी वहीत लिहिलं, 'या रुग्णांवर संयुगाचा उपयोग नाही.' आणि खाली लिहिलं, 'औषध नको. ढीग ओला करून मगच फोडावा. तोंडाला फडकं. आजारी माणसाला ढिगावर पाठवू नये.' तो कागद घेऊन ते कारखान्यावर तीनदा गेले. तिन्ही वेळा साहेब बैठकीत होते.

मग कारखान्याची वार्षिक सभा आली. सरांच्या वडलांचा एक शेअर होता, तो वारसाने सरांच्या नावावर झालेला. आमच्या इथल्या सभा कशा चालतात ते सगळ्यांना ठाऊक आहे. एक जण विषय वाचतो, पुढच्या रांगेतले मंजूर मंजूर ओरडतात, आणि मागचे जेवणाचा वास घेत बसतात. दूध संघाच्या आम्हा लोकांना मांडव भरायला नेलं होतं, म्हणून हे मी डोळ्यांनी पाहिलं. सर उठले. माईक कुणी दिला नाही. त्यांनी शिकवायच्या आवाजात सांगायला सुरुवात केली आणि सगळं सांगितलं. बुरशी, धूळ, ताप, सगळं. टीबीच्या गोळ्या विनाकारण खाणाऱ्या माणसांचं सांगितलं. शेवटी म्हणाले, ढिगावर पाणी मारल्याशिवाय माणसं चढवू नका.

चेअरमनसाहेब शांतपणे ऐकत होते. तो माणूस बोलण्यात कुणाला हार जाणारा नव्हता. ते म्हणाले, "सर, लोकाला प्यायला पाणी न्हाई, आन तुमी भुशाला पाणी मागता?"

मांडव हसला. टाळ्या पडल्या. ज्यांच्या घरची माणसं ढिगावर होती तेही हसले. माझ्या शेजारचा हसून हसून खोकायला लागला. मला आजही त्या हसण्याचा राग येतो, चेअरमनच्या वाक्यापेक्षा जास्त येतो.

सर हसू थांबेपर्यंत उभे राहिले. मग म्हणाले, "प्यायचं नका देऊ. गेस्ट हाऊसपुढच्या हिरवळीवर रोज टँकर खाली होतोय. ते द्या."

यावर कुणी हसलं नाही. ती हिरवळ सगळ्यांनी पाहिली होती. दोन्ही वर्षं ती हिरवीगार होती. तिच्यावर खुर्च्या टाकून दुष्काळाच्या बैठका व्हायच्या. पण आजवर ते कुणी बोललं नव्हतं. पुढच्या रांगेतून कुणीतरी पुढचा विषय वाचला आणि सभा संपली.

तिसऱ्या दिवशी गावात बातमी होती की शेंबूड सर टीबीवाल्यांच्या बेडक्याच्या डब्या दुधाच्या टाकीत ठेवतात. टाकीत. एका बोटभर बाटलीचं दोन दिवसांत एवढं झालं. बायका पोरांच्या हातातला चहा काढून घ्यायला लागल्या. उमापूरला माझी बहीण दिलेली, तिचा निरोप आला की तिकडेही हेच बोलतायत. दूध घालणारे केंद्रावर येऊन शिव्या द्यायचे.

आमच्या मॅनेजरनी मला केबिनमध्ये बोलावलं. पुढे कोरा कागद ठेवला आणि म्हणाले की चौकशी आहे, तुमचा जबाब पाहिजे, एकच ओळ लिहा. ते सांगत गेले आणि मी लिहिलं, 'सदर प्राध्यापक आमच्या केंद्राच्या फ्रीजमध्ये बाटल्या ठेवत होते.' मी विचारलं, औषधाच्या असं लिहू का, आणि प्रयोगशाळेच्या फ्रीजमध्ये असं लिहू का? ते म्हणाले, "विचारलं तेवढंच लिहा."

मी तेवढंच लिहिलं आणि सही केली. मी कंत्राटावर होते, घरात दुसरी कमाई नव्हती, अशी कारणं मी बरीच वर्षं स्वतःला सांगितली. खरं कारण एकच, मी भ्याले. या कागदात ज्यांच्यावर मी चिडलेय त्यांत माझंही नाव धरावं.

त्या एका ओळीवर सरांना निलंबित केलं. कारण काय, तर संस्थेची बदनामी. विभागातला एकही प्राध्यापक बोलला नाही. त्यांचं कपाट फोडून रिकाम्या डब्या, काचपट्ट्या आणि वह्या कॉलेजमागच्या खड्ड्यात टाकल्या आणि वर रॉकेल ओतून पेटवलं. म्हणाले, जंतुसंसर्ग नको. वह्यांना कसला जंतुसंसर्ग होतो ते मी अजून कुणाला विचारलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सर बाटली न्यायला आले. मी मान वर केली नाही. फ्रीज उघडला, बाटली पुढे ठेवली. त्यांनी ती थर्मासात घातली. त्या दिवशी बर्फ नव्हता, ओला रुमाल गुंडाळलेला होता. मी म्हणाले, सर, मला लिहायला लावलं.

"तुमी खरंच लिहिलंय की," ते म्हणाले. "बाटल्या होत्याच."

मी त्यांच्याकडे पाहिलं. टोमणा नव्हता. टोमणा असता तर मला सोपं गेलं असतं.

ते तसेच जायला निघाले, पण दारात थांबून म्हणाले, "सरूबाईला मोठ्या दवाखान्यात न्यायचंय. ती एकटी यायची न्हाई. तुमी येता का संगं?"

मी रजा टाकून गेले. आयुष्यात त्या दिवसापुरतं मी काही बरं केलं. सरूबाई आणि आणखी तिघे, सर आणि मी. सरकारी दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी छातीचे फोटो काढले आणि विचारलं, काम काय करता? सरांनी पिशवीतून प्लास्टिकच्या पुडीत बांधलेला बगॅस काढून टेबलावर ठेवला. बाईंनी पुडी उजेडात धरून बघितली. मग बाकी सोडून सरांशीच बोलत बसल्या. दोन तास तपासण्या झाल्या. शेवटी त्यांनी चौघांच्या टीबीच्या गोळ्या बंद केल्या आणि चिठ्ठीवर मोठ्या अक्षरात लिहिलं की यांनी त्या भुशाजवळ जाऊ नये. सर जे सांगत होते तेच. पण आता ते डॉक्टरच्या शिक्क्यासकट होतं.

ती चिठ्ठी बघून कारखान्याने काय करावं? पाणी मारलं नाही. त्या चौघांना कामावरून काढलं.

मग सर स्वतः ढिगाकडे जायला लागले. आत सोडत नव्हते, म्हणून फाटकाबाहेर बसायचे. घरी टँकरच्या चार घागरी यायच्या, त्यातली एक ते सायकलवर बांधून आणायचे. कामावर जाणाऱ्या बायांना जुन्या धोतराचे दुहेरी पटके द्यायचे, घागरीत बुडवून, पिळून, नाकातोंडावर बांधून द्यायचे. "ह्यानं समदं थांबत न्हाई," हेही प्रत्येकीला सांगायचे. "पण काईच न्हाई त्यापरीस बरं." त्यांची बायको घरी एक घागर कमी घेऊन रांधत होती. ती माउली याबद्दल कधी कुणाकडे बोलली नाही. पहिले दोन दिवस बाया लाजल्या. मग बायागड्यांची रांग लागायला लागली. सभेत हसलेल्यांतलेही काही त्या रांगेत होते. मी पाहिलं. सरांनी त्यांचेही पटके ओले करून दिले, एका शब्दाने काही न बोलता. मला तो शांतपणा जमला नसता.

पावसाच्या आधी ढीग संपला. ट्रक गेले. कुणावर गुन्हा नाही, कुणाला भरपाई नाही. सरूबाईचा ताप गेला आणि ती उठून कामाला लागली, पण छाती पूर्वीसारखी झाली नाही. अजूनही हंडा घेऊन येताना मधे दोनदा टेकते. बाकी किती जणांचं काय झालं, हे कुठे लिहिलेलं नाही. लिहिणारा एकच होता आणि त्याच्या वह्या जाळल्या होत्या.

चौकशी चार वर्षं रेंगाळली. शेवटी काहीच सिद्ध झालं नाही म्हणून सरांना परत घेतलं, पण प्रयोगशाळा दिली नाही. फक्त फळ्यावर शिकवा म्हणाले. ते फळ्यावर शिकवत राहिले आणि निवृत्त झाले. निरोप समारंभ झाला नाही. मी तोवर दूध संघ सोडून दुसरीकडे लागले होते. भेट म्हणावी अशी नंतर झालीच नाही.

एकदा मात्र ते दिसले. मी सिरसाळ्याला गेले होते, बाजाराचा दिवस होता. जनावरांच्या बाजारात एका गाईभोवती माणसं गोळा झालेली. मधे सर. केस पूर्ण पांढरे, धोतर नेसलेले, कंबरेत जरा वाकलेले. गाय माजावर आली की तिच्या मागून काचेसारखी चिकट तार सुटते. ती तार त्यांनी अंगठा आणि बोटात धरली होती आणि हळूहळू बोटं लांब करत होते. तार ताणत गेली. त्यांनी हात उन्हाच्या दिशेने उचलला, मान मागे टाकून त्या तारेतून पलीकडे बघितलं. भोवतीचे शेतकरीही माना वर करून बघत होते. नाक मुरडणारं कुणी नव्हतं. एक म्हातारा तर पुढे होऊन डोळे बारीक करून बघत होता.

"अजून पाच-सा तासानं रेतनाला न्या दवाखान्यात," सर गाईच्या मालकाला म्हणाले. "आत्ता घाई केली तर गाभण राहायची न्हाई. आन हिला सावलीला बांधा आधी."

मालकाने मान डोलावली आणि गाईचा दोर सोडायला वाकला. तेवढ्यात पलीकडून कुणीतरी हाक मारली, सर, इकडं बी या, ह्या कालवडीचं बघा. गर्दी तिकडे सरकली. मी भाजीची पिशवी घेऊन रस्त्याच्या या बाजूला उभी होते. त्या जबाबाबद्दल सांगायचं होतं ते एकच वाक्य होतं, आणि ते मी कित्येक वर्षं पाठ केलेलं होतं. मी दोन पावलं पुढे गेले. सरांनी जमिनीवरची माती चिमटीत घेऊन बोटं चोळली, झटकली, आणि ते माणसांमधून त्या कालवडीकडे निघून गेले. लोक त्यांना वाट करून देत होते.